अंगाई डॉक्टरांची राहिलेली सही

आमचा दादा सैन्यात डॉक्टर होता असं सांगितलं की माणसं लगेच ताठ बसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं कोण जाणे. खरं सांगायचं तर दादाने उभ्या नोकरीत माणसांना झोपवलं. तो भूल देणारा डॉक्टर. सर्जन कापणार, शिवणार आणि नाव मिळवणार. दादा रोग्याच्या उशाशी स्टुलावर बसून त्याच्या श्वासावर लक्ष ठेवणार. त्याचं काम चोख झालं की रोग्याला ते आठवतसुद्धा नाही.

जखमी सैनिक टेबलावर यायचा तेव्हा घाबरून थरथरत असायचा. त्याच्या नाकावर मास्क ठेवता ठेवता दादा विचारायचा, "तुझ्या घराचं दार कुठल्या रंगाचं आहे रे?" पोरगा गोंधळायचा, मग सांगायला लागायचा. हिरवं आहे, खालून पोपडे गेलेत, कडी जरा जोरात ओढावी लागते. कडीपर्यंत पोचता पोचता झोपून जायचा. म्हणून सैनिक त्याला 'अंगाई डॉक्टर' म्हणायचे. दादा हे नाव सांगताना लाजायचा, पण सांगायचा मात्र दर वेळी.

मी त्याची धाकटी बहीण. माझं सोफे दुरुस्त करायचं दुकान आहे. जुना सोफा उघडायचा, आतला भुगा झालेला फोम काढायचा, स्प्रिंगा बांधायच्या, वर नवं कापड चढवायचं. तोंडाने मी फटकळ आहे. शाळेतच मला 'ठिणगी' नाव पडलं होतं. ते ठेवलं माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीने. आम्ही एका बाकावर बसलो, एकमेकींचे कपडे घातले, एकमेकींची भांडणं भांडलो. अशी मैत्रीण घरातच असावी म्हणून मीच तिचं दादाशी जमवलं आणि ती माझी वहिनी झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

वहिनी औषधांच्या एका मोठ्या गोदामात हिशेब बघायची. तिच्या हिशेबात कधी पैचीही चूक निघाली नाही, आणि घरातही ती तशीच. दादा उलटा. छत्री दवाखान्यात, चष्मा फ्रीजवर, विजेचं बिल वाचायला घेतलेल्या पुस्तकात खूण म्हणून. लग्नाआधी तिचे वडील म्हणाले होते, "माणूस सोन्यासारखा आहे, पण व्यवहाराला शून्य." ते दादाच्या कानावर गेलं होतं. तो हसला होता तेव्हा, पण विसरला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

दादा आघाडीजवळच्या तात्पुरत्या रुग्णालयात होता त्या वर्षीची गोष्ट. सरकारने तज्ज्ञ डॉक्टरांसाठी विशेष वेतन जाहीर केलं होतं. आणखी काही वर्षं सेवेत राहीन असा करार लिहून द्यायचा, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम मिळणार. मिळालीही. दादाबरोबरच्या सर्जनच्या बायकोने घरावर मजला चढवला. हाडांच्या डॉक्टरने मुलीला परदेशी शिकायला पाठवलं. दादाच्या घरात एक नवा पाट आला नाही. वहिनीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गेले ते. जिथे जायचे तिथे गेले."

नेमकं त्याच वर्षी मी नवऱ्यापासून वेगळी झाले आणि दुकान टाकलं. जागा भाड्याची, शिवणयंत्रं बँकेच्या कर्जावर, आणि कर्जाला जामीन दादा. वहिनीने दोन आणि दोन चार केले. एका चुलतभावाच्या लग्नात, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, ती मला म्हणाली, "मशीन छान घेतलीस हं. भाऊ गोळ्यांखाली बसला होता, त्याची किंमत वसूल झाली." मी दुसऱ्या दिवशी बँकेचे कागद घेऊन गेले. तिने जामीनदाराच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दिसतंय की." त्यानंतर त्या घराचं दार मला बंद झालं. नातेवाइकांत तर बभ्रा झालाच. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणी पाठ केली होती. तिचा अर्थ मला घरच्यांनी शिकवला.

मी दादाला म्हटलं, तू सांग तिला. तो म्हणाला, "मी बोलतो तिच्याशी." मी विश्वास ठेवला. तो बोलला असणार आणि तिने ऐकलं नसणार, असंच मी धरून चालले. पैशांचं काय झालं ते मात्र मी त्याला कधी विचारलं नाही, कारण मनातल्या मनात मी त्याचं उत्तर ठरवून टाकलं होतं. टेबलावर गेलेल्या एखाद्या पोराच्या आईला त्याने ते गुपचूप पाठवले असणार. दादाच तो! मग एवढ्या मोठ्या मनाच्या भावासाठी बहिणीने थोडी बदनामी सोसली तर काय बिघडलं? मी त्याला संत केला आणि स्वतः त्याच्या देवळाची राखण करत बसले.

आई दादाकडे असायची. ती आजारी पडली तेव्हा मला आत यायची मुभा मिळाली. मी आले की वहिनी स्वयंपाकघरात जायची. शेवटच्या दिवसांत आईने माझं मनगट धरलं. नाकात ऑक्सिजनची नळी, आवाज सुकलेला. म्हणाली, "दे गं बाई त्याचं त्याला. पोरं मोठी होताहेत त्याची." दादा तिथेच उभा होता, नळी सारखी करत. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नळीकडे बघितलं. मरणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार? मी म्हटलं, "देते हं आई."

अशी कितीतरी वर्षं गेली. दादा निवृत्त झाला आणि सकाळच्या वेळी एका लहानशा दवाखान्यात बसू लागला. मुलं आपापल्या उद्योगाला लागली. माझं कर्ज फिटलं, दुकान वाढलं, हाताखाली दोन बायका आल्या. वहिनी रस्त्यात दिसली की समोरचा फुटपाथ धरायची.

मग एक दिवस दादाचा तो जुना सर्जन दुकानात आला. सैनिकांनी त्याचं नाव 'शिंपी' ठेवलेलं, आणि तो स्वतःही तेच सांगतो. टेम्पोतून त्याने एक भलीमोठी आरामखुर्ची उतरवली.

"ताई, हिला नवं कातडं चढवायचंय. जपून हं. विशेष वेतन मिळालं तेव्हाची पहिली हौस आहे ही."

"चढवू की," मी म्हटलं. माझ्या तोंडात खिळे होते. आमच्या कामात दोन्ही हात कापडात गुंतलेले, म्हणून छोटे खिळे ओठात धरायची सवय असते.

शिंपी खुर्चीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "काय एकेकाचं नशीब! हा पैसा मला ज्याच्या सहीने मिळाला त्याला स्वतःला कवडी मिळाली नाही. तुझा भाऊ म्हणजे कमाल आहे."

खिळे गिळायचेच बाकी होते. ते हातात थुंकून मी म्हटलं, "काय मिळालं नाही?"

शिंप्याने सांगितलं ते असं. रुग्णालय एका रिकाम्या शाळेत होतं. वर्गात शस्त्रक्रिया चालायच्या, फळ्यावर अजून कुणाचा तरी भागाकार तसाच. तिथला प्रमुख आजारी पडला आणि त्याला मागे पाठवलं. दादा सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून नवा प्रमुख येईपर्यंत खुर्ची त्याच्याकडे आली. त्याच वेळी हुकूम आला की तज्ज्ञांनी करारपत्रं भरावीत, त्यावर प्रमुखाची सही असावी, आणि हे सगळं अमुक तारखेच्या आत व्हावं. दादाने एकेकाला बोलावलं. शिंप्याची सही, खाली दादाची. हाडांच्या डॉक्टरची सही, खाली दादाची. एक तर शस्त्रक्रिया अर्धी टाकून हातमोज्यांसह आला होता, त्याचा कागद दादाने स्वतः धरला. शेवटी दादाचा स्वतःचा कागद राहिला. वर अर्जदार म्हणून त्याने सही केली. खाली प्रमुखाची जागा. प्रमुख कोण? तोच.

"मी म्हटलं, अरे मार सही आणि सुट," शिंपी म्हणाला. "तर म्हणतो, स्वतःच्या कागदावर स्वतःच शिक्का कसा मारायचा? नवा प्रमुख येईल तो करेल. नवा प्रमुख यायचा होता त्याच आठवड्यात, पण पूल उडाला आणि रस्ता बंद पडला. तो आला तेव्हा तारीख उलटून गेली होती. तोही तसलाच! सही केली आणि खाली त्या दिवसाची खरी तारीख घातली. वेतन कार्यालयाने कागद परत पाठवला. मुदतीनंतर, म्हणून."

लोकांच्या सह्या करून दिल्या आणि स्वतः कोरडा पाषाण. मी तशीच दवाखान्यात गेले. शेवटचा रोगी बाहेर पडेपर्यंत कशीबशी थांबले.

"दादा, तुला ते विशेष वेतन मिळालंच नव्हतं?"

त्याने स्टेथोस्कोप गळ्यातून काढला. "कोण म्हणालं?"

"शिंपी."

"त्याला सगळं शिवता येतं, स्वतःचं तोंड सोडून."

"खरं आहे की नाही ते सांग."

"खरं आहे."

"आणि वहिनी? तिला माहीत आहे?"

तो चष्मा पुसायला लागला. "तिला सांगून काय उपयोग? ती ऐकून घेते का कुणाचं?"

म्हणजे याने सांगितलं आणि तिने पटवून घेतलं नाही. मी तसाच अर्थ घेतला, आणि दुसरा कुठला घेणार होते? खोटं बोलणार नाही, मला आधी वाईट वाटलं. माझा संत गेला होता. त्या कुणा सैनिकाची आई, तिला गेलेले ते पैसे, सगळं मीच रचलेलं. पण लगेच दुसरा विचार आला आणि अंगात वारं भरलं. वहिनी माणसाचा शब्द मानत नाही, कागद मानते. मग सरकारी शिक्क्याचा कागदच तिच्यापुढे ठेवायचा, की हे पैसे कुणालाच मिळाले नव्हते. मला तिच्याकडून माफी नको होती. मला ती परत हवी होती. म्हातारपण आलं की नव्या मैत्रिणी मिळत नाहीत, आणि जुन्यांपैकी माझ्या सगळ्या खोड्या माहीत असलेली ती एकटीच.

दादा तयार होईना. "निवृत्त झालो, आता कुणापुढे हात पसरू?" मी म्हटलं, "हात पसरणं नव्हे ते, हक्काचं मागणं आहे. आणि तुझ्यासाठी नको असेल तर माझ्यासाठी माग." आणि मी त्याला वकीलबाईंकडे ओढत नेलं.

वकीलबाईंचं ऑफिस एका छापखान्याच्या वर होतं. खालचं यंत्र चालू झालं की टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या. बाई सैनिकांचीच कामं घ्यायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं की वेतन कार्यालय नियमाबाहेर जाऊ शकत नाही, पण सेवेच्या नोंदी दुरुस्त करणारं एक मंडळ असतं. अन्याय झाला असं त्या मंडळाला पटलं, तर ते मूळ नोंदच बदलू शकतं.

"आपण म्हणायचं की चूक तुमची नव्हती," बाई दादाला म्हणाल्या. "तुम्हाला अशा खुर्चीत बसवलं होतं की तिथून तुमच्या कागदावर सही होऊच शकत नव्हती."

"पण थोडी चूक माझीच होती," दादा म्हणाला. "मुख्यालयाला निरोप पाठवून विचारता आलं असतं. जखमींच्या गडबडीत राहून गेलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, तुम्ही माझे अशील आहात की समोरच्या बाजूचे?"

मी हसले. दादाही हसला. त्या दिवशी मला तो फार आवडला, हे आत्ता सांगतानाही राग येतो.

लागणारे कागद फार नव्हते. शिंप्याने जबानी लिहून दिली, तीही दोन पानं भरून, स्वतःच्या शौर्यासकट. तारीख उलटलेलं मूळ करारपत्र दादाकडेच निघालं. राहिलं एक. त्या करारात रक्कम हवी तर पत्नीच्या खात्यात जमा करायची सोय होती. म्हणून पत्नीचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, की मला किंवा माझ्या पतीला ही रक्कम मिळालेली नाही. बाईंनी ते टाइप करून दादाच्या हातात दिलं. फक्त वहिनीची सही आणायची होती.

ती काही येईना. आज तिचं डोकं दुखतंय, उद्या तिच्याकडे पाहुणे आहेत, परवा मूड नाही. मी फोन केला की दादा म्हणायचा, "आणतो गं." मला वाटलं, माझं नाव निघालं की वहिनी बिथरत असेल. शेवटी वकीलबाईंचा मलाच फोन आला की मंडळाने दिलेली मुदत संपत आली आहे, आणि हा कागद गेला नाही तर अर्ज निकालात निघेल. पुन्हा मुदत! या माणसाचं आणि तारखांचं काय वैर होतं कोण जाणे. मी बाईंकडून दुसरी प्रत घेतली आणि थेट दादाचं घर गाठलं.

दार तपकिरी होतं. मी शेवटचं बघितलं तेव्हा पांढरं होतं. मी घंटा वाजवली. वहिनीने दार उघडलं. केस पार पिकलेले, पण मान तशीच ताठ.

"दादाला भेटायचं असेल तर ते मागे आहेत," ती म्हणाली.

"तुझ्याकडेच आलेय. एक सही हवी आहे. भांडायचं असेल तर सही झाल्यावर भांडू."

ती बाजूला झाली. मी आत गेले. कोचाचं कापड विटलेलं होतं आणि एका कोपऱ्यात स्प्रिंग वर आली होती. शहरात सगळ्यांचे कोच मी केले, हा सोडून. वहिनीने चष्मा लावला आणि कागद ओळीवर बोट ठेवून वाचायला घेतला. पहिल्यापासून ती असंच वाचते.

"मला रक्कम मिळाली नाही. बरोबर आहे." बोट खाली सरकलं आणि थांबलं. "'तसेच माझ्या पतीसही सदर रक्कम आजतागायत मिळालेली नाही.' हे काय लिहिलंय?"

"तेच तर. ते तू मानत नाहीस म्हणून एवढा खटाटोप. दादाने सांगितलंय ना तुला."

"काय सांगितलंय?"

मला हसूच आलं. वाटलं, ही अजून हट्टाला पेटली आहे. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं. शाळेत बाईंनी न शिकवलेलं गणित फळ्यावर घातलं की तिचं तोंड असं व्हायचं. तिला काहीही माहीत नव्हतं.

"अहो," तिने हाक मारली, अगदी हळू. "जरा बाहेर या."

दादा मागच्या गॅलरीत बुटांना पॉलिश करत होता. सैन्याची सवय. हातात ब्रश घेऊनच आला. आम्हा दोघींना एका खोलीत बघून दारातच थांबला.

"त्या वेळी मी फोन केला होता," वहिनी म्हणाली. "विचारलं होतं, कागदाचं झालं का? आठवतंय?"

"आठवतंय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"सगळ्यांच्या सह्या झाल्या, म्हणालो."

"आणि तुमची?"

दादाने ब्रश एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "माझी राहिली होती."

मग त्याने सगळं सांगितलं. शाळा, खुर्ची, पूल, तारीख.  त्याचं बोलणं संपलं तेव्हा वहिनीने एवढंच विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?"

"आधी वाटलं, पैसे येतीलच, मग सांगू. नंतर कागद परत आला. तू रोज सांगायचीस, कागद बघा, सही बघा, तारीख बघा. तुझे वडील म्हणाले होते, व्यवहाराला शून्य. मला..." तो थांबला. "मला भीती वाटली. तू मला काय म्हणशील याची. मग तू हिच्यावर संशय घ्यायला लागलीस. वाटलं, चार दिवसांत निवळेल."

"निवळलं नाही."

"नाही."

"मी जेवताना हिला चोर म्हणायचे. तेव्हा तुम्ही समोर बसून जेवत होतात."

"जेवत होतो," दादा म्हणाला.

इतकी वर्षं मूग गिळून बसलेला माणूस त्या दिवशी एकही प्रश्न चुकवेना. पण मला त्याच्या खरेपणाचं कौतुक उरलं नव्हतं. माझा आवाज असा चढला की शेजारची खिडकी उघडली.

"तोफगोळे पडत असताना तुझा हात हलला नाही म्हणून शिंपी गावभर सांगत फिरतो! आणि बायकोपुढे एक वाक्य बोलायची तुझी छाती झाली नाही? मी बोलतो तिच्याशी, म्हणाला होतास. अरे, परक्या पोरांना त्यांच्या घराचं दार विचारत होतास तू. हे दार माझ्या तोंडावर लावलं गेलं, तेव्हा तू आत उभा होतास!"

दादाने मान खाली घातली. त्याच्या बोटांना काळं पॉलिश लागलं होतं. मला रडू येत होतं आणि मला ते त्याच्यासमोर यायला नको होतं.

वहिनीने पेन उचललं, सही केली, खाली तारीख घातली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तारीख नीट बघून घे," ती म्हणाली. "नाही तर पुन्हा परत यायचा." माझ्याकडे तिने बघितलं नाही. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मला त्याचा राग आला नाही. ती कधी न चुकणारी बाई होती, आणि आपली कितीतरी वर्षांची बेरीज चुकली आहे हे तिला आत्ता समजत होतं.

मी ज्या कागदासाठी एवढी धावपळ केली, त्याची मला आता गरजच नव्हती. तरी मी तो वकीलबाईंना नेऊन दिला, कारण घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही अशी आमच्या धंद्यात रीत आहे. मंडळाचा निर्णय यायला बराच वेळ लागला. तो दादाच्या बाजूने लागला. बाईंनी मला फोनवर वाचून दाखवलं, की सदर अधिकाऱ्याच्या करारपत्रावर सक्षम प्रमुखाची सही मुदतीतच झाली होती असे मानून नोंद दुरुस्त करण्यात यावी आणि रक्कम देण्यात यावी. म्हणजे चूक झालीच नव्हती. सरकारचं किती बरं असतं! दोन ओळी लिहिल्या की मागचं सगळं सरळ.

त्यानंतर एका दुपारी वहिनी दुकानात आली. पुढे ती, मागे दादा. माझ्या दुकानाची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. आधी ती मशीनपाशी गेली आणि चाकावर हात ठेवला.

"हीच का ती?"

"हीच. आता जुनी झाली, पण टाका अजून सरळ घालते."

एक सोफा तयार होत आला होता, फक्त मागच्या बाजूचे खिळे राहिले होते. त्यावर ती बसली आणि शेजारी दादाला बसवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ठिणगे," ती म्हणाली.

मी हातातलं कापड बाजूला ठेवलं. 

"मी ज्याला त्याला सांगत सुटले होते. आता मीच उलटं सांगायला गेले तर म्हणतील, नणंद-भावजयीचं गोड झालं म्हणून बोलतेय. हे सांगतील. तुझ्यादेखत." तिने दादाला म्हटलं, "लावा मावशींना."

दादाने फोन लावला. मावशींना कमी ऐकू येतं.

"मावशी, ते पैसे हिने घेतले नव्हते," दादा म्हणाला.

"कुणी घेतले?" मावशींचा आवाज सगळ्या दुकानात घुमला.

"कुणीच नाही!"

"मग गेले कुठे?"

"आलेच नव्हते मावशी! माझीच सही राहिली होती! मी सांगितलं नाही कुणाला!" दादा ओरडत होता. माझ्या हाताखालच्या बायकांनी मशीन थांबवली. रस्त्यावरचा एक माणूस आत डोकावून गेला. दादाचे कान लाल झाले होते, पण त्याने तेच वाक्य तीनदा म्हटलं, मावशींना कळेपर्यंत.

मग वहिनी एकेक नातं सांगत गेली आणि तो फोन लावत गेला. चुलतभाऊ म्हणाला, "जाऊ दे रे, इतकी जुनी गोष्ट, आम्ही विसरलोसुद्धा." वहिनीने दादाच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "विसरू नका भावोजी. आधी ऐका, मग विसरा." एक चुलतबहीण फोनवरच रडली. एकांनी विचारलं की आता पैसे मिळाले तर पार्टी कधी. मी मधल्या काळात सोफ्याच्या मागे खाली बसून खिळे ठोकायला घेतले होते. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, म्हणून ते बरं होतं.

शेवटी फोन थांबले. वहिनी म्हणाली, "झाले बहुतेक."

दादाने रुमालाने कपाळ पुसलं. त्याचा आवाज बसला होता, पण बऱ्याच दिवसांनी त्याचे खांदे सैल दिसत होते. सोफ्याच्या पाठीवरून वाकून त्याने मला विचारलं, "अजून कुणी राहिलंय का गं?"

माझ्या ओठात खिळे होते. मी ते तळहातावर काढले.

"आई," मी म्हटलं.

 दादा सरळ होऊन बसला आणि फोन त्याने मांडीवर उपडा ठेवला. वहिनीने तोंडाला पदर लावला. त्या नळीजवळ तो उभा होता, हे त्याला आठवत होतं आणि मलाही. आता कुठल्याही मंडळाकडे अर्ज करून उपयोग नव्हता.

तो सोफा गिऱ्हाइकाला संध्याकाळी द्यायचा होता, पण मी त्यांना उठवलं नाही.